नांगऱ्याच्या बायकोची खोली

रविवारची सहल हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. आमच्या लहानपणी घराबाहेर पडायला कारण लागायचे. लग्न, मयत, आठवड्याचा बाजार, नाही तर ६ डिसेंबरला चैत्यभूमी. कुणी वर्षभर पैसे साठवलेच तर दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी. नुसता पाऊस बघायला आणि नुसते डोंगर बघायला माणसे डबा बांधून जातात, हे आम्हाला शाळेच्या धड्यातून कळले होते. धडा वाचून मी एकदा आईला म्हटले, "आई, आपण पण डोंगरावर जाऊ की." आई चुलीत फुंकत होती. ती म्हणाली, "डोंगरात काय बघायचं आसतं गं? मोळी बांधायची न् खाली यायचं."

तिचे काही चुकत नव्हते. आई सातारा जिल्ह्यातली. डोंगर म्हणजे सरपण, डोंगर म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यासाठी कापायचे गवत आणि पायात मोडणारे काटे, एवढाच तिचा आणि निसर्गाचा संबंध. लग्न होऊन ती देहूरोडला आली. वडील डेपोत कामाला होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेव्हा ती थोरल्या भावाला कडेवर घेऊन त्या गर्दीत उभी होती. "काय बोलले ते सगळं न्हाय कळलं, पर मानूस डोळं भरून बघितला," असे ती सांगायची. पुढे आम्ही शिकलो, नोकऱ्यांना लागलो, घरात टेबल-खुर्ची आली, टीव्ही आला. सहल मात्र आली नाही.

आणि गंमत अशी की, पुणे-लोणावळा लोकलने देहूरोडहून निघाले तर मळवली हे अवघे सातवे स्टेशन. मळवलीच्या एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला भाजे. दोन हजार वर्षांपूर्वीचा आपला धम्म तिथे दगडात उभा आहे, आणि आम्ही चाळीस वर्षे त्याच रुळांच्या कडेला राहून कधी तिकडे फिरकलो नव्हतो! मुंबई-पुण्याचे लोक यायचे, परदेशी पाहुणे यायचे. आम्हाला वाटायचे, ते हौशी लोकांचे काम.

१९९६ च्या श्रावणात एका रविवारी आम्ही निघालो. यजमान, मी, आमची दोन मुले आणि आई. आईचे वय तेव्हा पासष्टीला टेकलेले. ती यायला तयार नव्हती. शेवटी मुलांनी हट्ट धरला. "लेण्यात भगवंतांची वंदना घेऊ" म्हटल्यावर तिने पांढरे पातळ नेसले आणि भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी असे गाठोडे बांधले. प्लॅस्टिकचा डबा तिला पसंत नव्हता. "भाकरीला घाम सुटतो," म्हणायची.

मळवलीला उतरून भाज्याकडे चालत निघालो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे. लावणी होऊन गेलेली, रोपे हिरवीगार. समोर विसापूरचा डोंगर, त्याच्या अंगावरून पाण्याच्या पांढऱ्या धारा, मागे लोहगड ढगात बुडालेला. मुले "वॉटरफॉल, वॉटरफॉल" म्हणून नाचत होती. आईचे लक्ष वर नव्हतेच. ती रस्त्याच्या कडेला बघत चालली होती. एकाएकी खाली वाकली आणि म्हणाली, "हा टाकळा. कोवळा हाय." मग चार पावलांवर कुर्डू. पुढे एका उतारावर फोडशी. प्रत्येक पाल्याचे नाव तिला पाठ, कोणता उकडून पाणी टाकायचे, कोणता नुसता परतायचा, कशाने पोट बिघडते, सगळे पाठ. मुले वह्या काढून लिहायला लागली. माझा मुलगा म्हणाला, "आज्जी, तुला तर बॉटनी येते!" ती हसली. म्हणाली, "बाळा, ही भुकंची इद्या हाय. घरात दाना नसला की मानूस पाला वळखाया शिकतं."

मला तिथे क्षणभर चालवेना. आम्ही ज्याला निसर्गसौंदर्य म्हणून बघायला आलो होतो ते तिच्या लेखी एकेकाळचे जेवणाचे ताट होते.

पायऱ्या चढून वर गेलो. भाज्याची लेणी एकूण बावीस. पश्चिमेकडे तोंड करून एका ओळीत कोरलेली. मधोमध बारा क्रमांकाचे चैत्यगृह, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या चैत्यगृहांत त्याची गणना होते. आत सत्तावीस अष्टकोनी खांब, आणि ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला झुकलेले आहेत. लाकडाचे घर बांधताना वजन पेलावे म्हणून खांब तिरके ठेवत, तीच रीत दगडातही पाळली. कमानदार छताला लाकडाच्या फासळ्या आहेत. समोरची दर्शनी बाजू लाकडाची होती, ती गेली. तिची भोके तेवढी दगडात उरली. आणि टोकाला स्तूप. मूर्ती नाही, नक्षी नाही. साधा घडवलेला गोल दगड. आईने आधी इकडेतिकडे पाहिले, भगवंत कुठे आहेत म्हणून. मी सांगितले की, त्या काळी तथागतांची मूर्ती करीत नसत, स्तूपालाच वंदन करीत. ती पुढे झाली, गुडघे टेकले, आणि आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. त्या कमानीत आवाज असा घुमला की मुले गप्प झाली.

वंदना संपल्यावर आम्ही इतर लेणी पाहिली. दक्षिणेकडे थेरांच्या स्मृतीचे चौदा स्तूप आहेत, काही कड्याच्या आत आणि काही बाहेर उघड्यावर. शेवटच्या बाजूच्या विहारात रथ आणि हत्तीचे कोरीव काम आहे. ते कोणाचे, यावर विद्वानांचे एकमत नाही. तिथेच एक बाई तालवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. मुलीला तेच सगळ्यात आवडले. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच.

निघण्याआधी मी लेण्यांतील शिलालेखांची माहिती वाचून वहीत टिपून नेली होती. त्यातला एक लेख पाण्याच्या टाक्यावरचा. महारठी विण्हुदत्त, कोसिकीचा पुत्र, याने ते टाके दान दिले. लेखात टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. महारठी म्हणजे त्या काळचा मोठा अधिकारी माणूस. आईने कातळातले ते पाणी वाकून पाहिले आणि विचारले, "ह्यातलं पानी कोन घ्यायचं?"

"इथं राहणारे भिक्खू. येणारे-जाणारे."

"सगळ्यांनी आपापल्या हातानं?"

"हो."

ती काही बोलली नाही. तिच्या माहेरच्या गावी आमच्या माणसांना विहिरीला शिवायची बंदी होती. घागर खाली ठेवून उभे राहायचे, कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. कधी कधी उन्हात दोन-दोन तास. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला, पण तिच्या गावात ते पाणी यायला फार वर्षे लागली. तिने पदर खोचला, ओंजळ भरली आणि चेहऱ्यावरून पाणी फिरवले. यजमान म्हणाले, "आई, साचलेलं पाणी आहे, पिऊ नका." ती म्हणाली, "पीत न्हाय वो. हात लावती."

दुसरा लेख सहा क्रमांकाच्या एका ओबडधोबड विहारातला. चार शब्दही नाहीत. अर्थ इतकाच, 'बाधा या हालिकाच्या बायकोचे दान'. हालिक म्हणजे हल चालवणारा, नांगरणारा. मी आईला सांगितले, "आई, ही खोली एका नांगऱ्याच्या बायकोने दान दिली."

"नांगऱ्याच्या बायकूनं?" तिचा विश्वास बसेना. "तिच्यापाशी काय आसंल द्यायला?"

हा प्रश्न आजवर कोणत्या विद्वानाने इतक्या नेमका विचारला असेल असे मला वाटत नाही. राजे, व्यापारी, अधिकारी यांची दाने समजू शकतात. पण नांगर धरणाऱ्याच्या घरातल्या बाईने दान द्यायचे म्हणजे कुठून? मजुरीतून, सुगीच्या दाण्यातून, की अंगावरच्या एखाद्या दागिन्यातून? लेखात ते नाही. आई उंबरठ्यावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आनि नवऱ्याचं नाव काय?"

मी वही पाहिली. नवऱ्याचे नाव नव्हते! त्याचा धंदा तेवढा आहे. नाव आहे ते बाईचे. पुरुषाचे नाव विरून गेले आणि बाईचे नाव दोन हजार वर्षे कातळावर टिकले. आणि त्याच लेण्यांच्या परिसरात महारठीचे टाके. म्हणजे तिने दिलेल्या जागेत राहणारा भिक्खू त्याच्या टाक्यातले पाणी पीत असेल. दोघांच्या दानाला एकच डोंगर.

तेवढ्यात ढग फाटले. परतताना चैत्यगृहावरून गेलो तर पश्चिमेचे ऊन सरळ आत शिरून स्तूपाच्या अंगावर पडले होते. आम्ही तिथेच बाहेर बसून भाकरी खाल्ली. आई त्या दिवशी फारच थोडे बोलली.

याचा पुढचा भाग सांगितला पाहिजे. त्याच वर्षी आमच्या वस्तीतल्या लहान विहाराला पाण्याची टाकी बांधायचे ठरले. आईने आपल्या गाठीचे पाचशे एक रुपये दिले. दात्यांच्या फलकावर तिच्या रकमेपुढे 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असे वडिलांचे नाव रंगवून आले. पद्धतच तशी. आई स्वतः जाऊन सांगून आली, "त्यांच्यावर माझी माया हाय, पर पैसं माझं हायेत. माझं नाव लिवा." कार्यकर्ते हसले, मग थोडे रागावले, पंधरा दिवस चालढकल केली. शेवटी तिचे नाव लागले. त्या फलकावर ते एकटे बाईचे नाव होते. आपल्या विहारांचे फलक आजही चाळून पाहा, बाबासाहेबांच्या अनुयायांनी या बाबतीत बाधेच्या गावाइतकीही मजल मारलेली नाही, असे मला दुःखाने म्हणावे लागते. आई २००९ मध्ये गेली.

मध्यंतरी मी पुन्हा भाज्याला गेले, नातीला घेऊन. आता मळवलीहून जाताना २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग पुलावरून ओलांडावा लागतो. खालून गाड्यांचा नुसता लोंढा. भाज्याच्या धबधब्यावर पावसाळी रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मोठमोठ्याने गाणी, बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या. त्यातले किती जण लेण्यापर्यंत चढतात? फार थोडे. चढतात त्यातले काही जण भिंतीवर आपले आणि मैत्रिणीचे नाव कोरून येतात. बाधेच्या नावाशेजारी! पाण्याशी मस्तीही फार चालते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. त्यानंतर प्रशासनाने बंदीचे आदेश काढले. आपल्या मुलांना पावसाळ्यात पाठवताना ही गोष्ट आईवडिलांनी विसरू नये.

काही पोरे फोटोसाठी बांध सोडून भाताच्या खाचरात उतरली होती. एक म्हातारा शेतकरी काठी घेऊन ओरडत होता. मला वर्षावासाची कथा आठवली. भिक्खू पावसाळ्यातही गावोगाव फिरतात, हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव पायाखाली मारतात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि तथागतांनी भिक्खूंना पावसाचे तीन महिने एका जागी राहायला सांगितले. आषाढी पौर्णिमेनंतर सुरू होणारा आपला वर्षावास तो हाच. त्याच पावसासाठी तर असले विहार कामी येत. नातीला मी ही गोष्ट तिथेच बांधावर उभी राहून सांगितली. ती म्हणाली, "मग आज्जी, आपण पण पावसात आलोय की." मी म्हटले, "आलोय, पण बांधावरून."

वर लेण्यात मात्र मन निवले. आपलीच दहा-बारा मुलेमुली हातात वह्या घेऊन धम्मलिपीची अक्षरे गिरवत बसली होती. अलीकडे रविवारी लेण्यांवर जाऊन स्वच्छता करणारे, शिलालेख वाचायला शिकवणारे तरुणांचे गट ठिकठिकाणी दिसतात. त्यांच्यातल्या एका मुलीने नातीला 'दानं' हा शब्द लिहून दाखवला. द, त्याला काना, न, त्यावर टिंब. नातीने तिच्याकडून स्वतःचे नाव लिहून घेतले. मग माझे. मग म्हणाली, "पणजीचं पण लिही."

उतरताना पायऱ्या निसरड्या होत्या, वेळ लागला आणि लोकल चुकली. मळवलीच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट पाहत आम्ही उरलेली भाकरी खाल्ली. नातीचे आता ठरले आहे की, पुढच्या वेळी बेडसे पाहायचे. त्याला कामशेतला उतरावे लागते आणि पुढे बरीच चाल आहे. तिथे नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक याचे दान आहे. ती विचारत होती, "तिथं कुणा बाईचं नाव आहे का?" मी म्हटले, "जाऊन बघू."