शुक्रनीतींतील ‘लघुनालिक’ : देशी नळी व विलायती चाप

प्राचीन भारतांत बंदुका होत्या कीं नव्हत्या, हा वाद आतां बराच जुना झाला आहे. तथापि तो निकालांत निघाला असें म्हणतां येत नाहीं. इ. स. १७७६ मध्यें हॉलहेडनें हिंदु धर्मशास्त्राचा जो इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला त्यांत, राजानें तोफाबंदुकांनीं युद्ध करूं नये, असा निषेध जुन्या वचनांच्या आधारें दिलेला आहे. या अर्थाचें मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांतील वचन काढून पाहिल्यास तेथें निषेध आढळतो तो अग्रें पेटविलेल्या शरांचा, तोफेचा नव्हे. पुढें मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील संस्कृतचे अध्यापक गुस्टाव्ह ऑपर्ट यांनीं १८८० सालीं प्राचीन हिंदूंच्या शस्त्रास्त्रांवर एक पुस्तक लिहिलें, व १८८२ सालीं शुक्रनीतिसार हा ग्रंथ छापला. तेव्हांपासून ‘शुक्राचार्यांस बंदूक ठाऊक होती’ हें विधान व्याख्यानांतून वारंवार ऐकूं येतें. अभिमानाचा विषय म्हणून तें सोडून देतां आलें असतें. परंतु पोथ्या जमविणारांस तें सोडून देतां येत नाहीं. कारण या एका प्रकरणाच्या काळावर ग्रंथाचा काळ, आणि ग्रंथाच्या काळावर त्यांतून उचललेल्या राज्यव्यवहाराच्या शेंकडों विधानांची किंमत अवलंबून आहे.

प्रथम शब्दांविषयीं दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. महाभारतादि ग्रंथांत ‘नालीक’ शब्द येतो, पण तो बाणाच्या एका जातीचा वाचक आहे. ‘शतघ्नी’ हीही नांवावरून तोफ ठरत नाहीं. नांवाचें साम्य म्हणजे वस्तूचें साम्य नव्हे, हें आमच्या मराठी कागदांवरूनच उलट बाजूनें दिसेल. पेशवाईंतील पत्रांत ‘बाण’ सुटल्याचें वाचून नवशिका वाचक धनुष्याची कल्पना करतो. वस्तुतः तेथें अभिप्रेत असतो तो दारूचा बाण. जुना शब्द नव्या वस्तूवर बसतो, आणि नव्या वस्तूसाठीं जुन्या भाषेंत शब्द घडविलाही जातो. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितानें राजव्यवहारकोश रचला, त्यांत एक शस्त्रवर्ग स्वतंत्रच आहे. यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणें हाच त्या कोशाचा हेतु. तेव्हां सतराव्या शतकांतही नवीन शस्त्रांस संस्कृत नांवें देण्याचें काम पंडित करीत होते, आणि शब्द संस्कृत आहे एवढ्यावरून वस्तु प्राचीन ठरविणें म्हणजे त्या कोशकारावरच अन्याय करणें होय.

आतां मूळ वर्णन पाहूं. तें चौथ्या अध्यायाच्या सातव्या प्रकरणांत आहे. नालिक दोन प्रकारचें सांगितलें आहे : बृहत् व लघु. बृहन्नालिकास लांकडी दस्ता नसतो व तें गाड्यावरून नेतात. म्हणजे ती तोफ झाली. लघुनालिक पायदळानें व स्वारांनीं बाळगावयाचें. त्याची नळी पांच वीत लांब. बुडाशीं आडवें व उभें छिद्र. बुडास व टोंकास नेम धरण्यासाठीं तिळाएवढे बिंदु, म्हणजे आपण ज्यांस माशी म्हणतों त्या. चांगल्या लांकडाचा दस्ता. आंतलें भोंक मधल्या बोटाएवढें. आणि दारू ठासण्यासाठीं एक शलाका, म्हणजे गज. येथपर्यंत हें वर्णन कोणत्याही बंदुकीस लागू पडेल. खरी गोम आहे ती बुडाच्या ‘कर्णा’च्या विशेषणांत. या कर्णाशीं ‘ग्राव’ म्हणजे दगड व ‘चूर्ण’ म्हणजे दारू असून ‘यंत्राच्या आघातानें’ तेथें अग्नि उत्पन्न होतो, असें ग्रंथकार सांगतो.

हा दगड कसला व हा आघात कसला? बंदुकीचा इतिहास ज्यास थोडाबहुत ठाऊक आहे त्यास उत्तर शोधावें लागत नाहीं. बाबरानें १५२६ सालीं पानिपतावर ज्या बंदुका आणल्या त्या तोड्याच्या होत्या. जळती जामगी घोड्याच्या चिमटींत धरावयाची, कळ दाबली कीं ती रंजकावर टेंकते व बार होतो. तींत दगड नाहीं, आघात नाहीं, आणि यंत्र अग्नि उत्पन्न करीत नाहीं. तो आधींच पेटलेला असतो. गारेचा पोलादावर आघात करून ठिणगी पाडणारे चाप युरोपांत सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास दिसूं लागले, व त्यांस पूर्ण स्वरूप सतराव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्सांत आलें. त्या चापांत घोड्याच्या तोंडांत गार बसविलेली असते. घोडा सुटला कीं ती समोरच्या पोलादी पात्यावर आपटते, पातें मागें उलटून रंजकाची पेटी उघडी पडते, व ठिणग्या तींत पडतात. दगड, दारू, यंत्र, आघात व अग्नि हीं पांचही पदें ग्रंथकारानें एका समासांत गोंविलीं आहेत. आणि तीं पांचही एकत्र सांपडतात तीं या चापांतच. तोड्याच्या बंदुकीस हा समास लावून दाखविणें कोणाही वैयाकरणास साधणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

ही चापाची बंदूक हिंदुस्थानांत मोठ्या संख्येनें पसरली ती युरोपीय कंपन्यांच्या पलटणींबरोबर, अठराव्या शतकांत. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा स्वतःचा शस्त्रागारी कारखाना नव्हता. ती आपल्या बंदुका मुख्यतः लंडनच्या कारागिरांकडून ठरलेल्या नमुन्याप्रमाणें करवून घेई. या नमुन्याची नळी ३९ इंच लांब असे, भोंक सुमारें पाऊण इंच. बंदूक साधी व स्वस्त. इतकी कीं फ्रान्सशीं १७९३ त युद्ध जुंपल्यावर खुद्द इंग्लंडच्या सरकारास बंदुकांची तूट पडली तेव्हां त्यानें कंपनीचाच माल विकत घेतला, आणि १७९७ पासून आपल्या कारागिरांसही तोच नमुना घालून दिला. व्यापाऱ्याचें हत्यार राजाचें हत्यार झालें, याचें हें एक नमुनेदार उदाहरण आहे. गोळी शिशाची, एका पौंडांत चौदा-साडेचौदा, म्हणजे आपल्या मापानें पावणेतीन तोळ्यांच्या आंतबाहेर. ती नळीच्या भोंकापेक्षां मुद्दाम लहान ओतीत. कारण चारदोन बार झाल्यावर नळींत काट धरतो व घट्ट गोळी उतरत नाहीं.

येथें एक मोह पडतो. हात १८ इंचांचा धरला तर त्याचा चोविसावा भाग जो अंगुल तो बरोबर पाऊण इंच येतो. तेव्हां ‘मधल्या बोटाएवढें भोंक’ म्हणजे कंपनीचीच बंदूक, असें म्हणावेसें वाटतें. आम्ही तसें म्हणत नाहीं. अंगुलाचें मान देशोदेशीं बदलतें, आणि त्याच मानानें पांच वीत म्हणजे ४५ इंच होतात. ते कंपनीच्या ३९ इंचांशीं जमत नाहींत. एक माप जुळलें तें घ्यावें व दुसरें न जुळलें तें झांकावें, ही रीत संशोधनाची नव्हे. त्याहून महत्त्वाची गोष्ट माश्यांची. कंपनीच्या पलटणी बंदुकीस मागची माशी नसेच. पुढें संगीन अडकविण्याची जी खुंटी असे तिच्यावरूनच शिपाई नजर चालवी. ग्रंथकार मात्र दोन्ही टोंकांस बिंदु सांगतो. दोन्ही माश्या व लांब नळी हें लक्षण आमच्या देशी तोड्याच्या बंदुकीचें आहे. शिवाय संगिनीचा उल्लेख या वर्णनांत नाहीं, आणि पलटणी बंदुकीचें वर्णन करणारा मनुष्य संगीन विसरेल हें संभवत नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, ग्रंथकारासमोर होती ती देशी नळी व तिच्यावर बसविलेला विलायती धर्तीचा चाप. अशा बंदुका काल्पनिक नव्हेत. जुन्या सरदारी घराण्यांच्या संग्रहांत त्या आजही पाहावयास मिळतात. महादजी शिंद्यांच्या पदरीं १७८४ पासून द बॉईन होता. त्याच्या कंपूंसाठीं आग्र्यास सँगस्टर नांवाचा स्कॉट मनुष्य तोफा ओतीत असे व बंदुका घडवीत असे. चाप करण्याची विद्या याप्रमाणें देशी दरबारांच्या कारखान्यांतही आली होती.

भरण्याच्या विधीवरूनही हाच तर्क दृढ होतो. ग्रंथांत क्रम असा : आधीं नळी साफ करावी, मग दारू घालून ती दंडानें ठासावी, मग गोळी, आणि अखेरीस कर्णांत रंजक. कंपनीच्या कवाइतींत क्रम उलटा होता. शिपायानें कागदी काडतूस दांतांनीं फोडावयाचें, त्यांतील थोडी दारू प्रथम रंजकाच्या पेटींत घालावयाची, व उरलेली गोळीसह नळींत. ग्रंथकारास काडतूस ठाऊकच नाहीं. तो सुटी दारू शिंगांतून ओतणाऱ्या देशी बंदुकबरदाराचा विधि सांगत आहे. ‘कर्ण’ हा शब्दही आपल्याकडे रंजकाच्या छिद्रास जें ‘कान’ म्हणतात त्याचा संस्कृत उतारा दिसतो.

दारूच्या पाठांत असेंच मिश्रण आहे. सोरा पांच पल, गंधक एक व कोळसा एक. नालास्त्रासाठीं सोरा सहा किंवा चार भाग घ्यावा अशी सूट. सहा भागांचा पाठ घेतल्यास शंभरांत ७५ सोरा येतो, आणि इंग्रजी लष्करी दारूंतही सोऱ्याचें प्रमाण ७५ च होतें. पण कोळसा कशाचा? रुईचा व निवडुंगाचा, आणि तोही धूर कोंडून भाजलेला. वर त्याच झाडांच्या व लसणीच्या रसाच्या पुटें. हें ज्ञान कोणत्याही विलायती पुस्तकांतलें नव्हे. तें दारूखान्यांतल्या माणसाचें आहे. दारूचे पाठ संस्कृतांत लिहिण्याची परंपराही खोटी नाहीं. गजपति प्रतापरुद्रदेव (१४९७–१५३९) याच्या कौतुकचिंतामणींत आतषबाजीचे पाठ आहेत. भांडारकर संस्थेचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं आपल्या १९५३ च्या आतषबाजीवरील निबंधांत ते पुढें आणले. ज्यांस अभिमानच हवा त्यांनीं हा घ्यावा. त्यास तारीख आहे.

गोळ्यांविषयीं लिहितांना ग्रंथकार लोखंडी गोळा भरीव किंवा ‘पोटांत गुटिका असलेला’ सांगतो. श्रापनेलचा गोळ्या भरलेला तोफगोळा इंग्रज सैन्यानें १८०३ त स्वीकारला, त्याच्याशीं याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण पोकळ गोळे त्याआधींही होते, सबब त्यावर आम्ही भार देत नाहीं. दुसरें एक मौन मात्र बोलकें आहे. टोपीची, म्हणजे केपची, बंदूक इंग्रजी फौजांत १८४० च्या आगेमागें रूढ झाली व गार मागें पडली. या वर्णनांत टोपीचा मागमूस नाहीं. यावरून हें प्रकरण अठराव्या शतकाच्या मध्याअलीकडील व टोपी सर्वत्र होण्यापूर्वींचें, असा त्याचा काळ आम्ही धरतों.

प्रफुल्लचंद्र राय यांनीं आपल्या हिंदु रसायनाच्या इतिहासांत (१९०२) या भागाविषयीं संशय दर्शविला होता. लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ त त्याही पुढें जाऊन संबंध शुक्रनीतीच एकोणिसाव्या शतकांतील ठरविली. चाळीस वर्षें नोकरी केलेल्यास पुढें घरबसल्या अर्धा पगार द्यावा, असा नियम त्या ग्रंथांत आहे. तो वाचून आम्हां पेन्शनरांस शुक्राचार्यांविषयीं आदर वाटला तरी शंकाही आल्यावांचून राहत नाहीं. तथापि नालिकाच्या वर्णनावरून सिद्ध होतो तो त्या वर्णनाचा काळ. जुन्या नळीवर नवा चाप बसतो तसें जुन्या ग्रंथांत नवें प्रकरण बसूं शकतें. संबंध ग्रंथाचा निर्णय त्यांतील इतर प्रकरणें वेगळीं तपासूनच करावा लागेल.

हीच दक्षता शस्त्रसंग्राहकांनींही घ्यावयास हवी. कंपनीच्या चापावर सुमारें १८०८ पर्यंत चार भागांत विभागलेलें हृदय, त्यांत कंपनीच्या नांवाचीं आद्याक्षरें व वर चाराच्या आंकड्यासारखें चिन्ह असतें. पुष्कळदां विल्सन, बार्नेट असें कारागिराचें नांव व सालही आढळतें. त्यानंतरच्या चापांवर मुकुट धरलेला उभा सिंह येतो. पण तो काळ चापाचा होय, बंदुकीचा नव्हे. चापाच्या पाट्याखालीं लांकूड नव्यानें कोरलें आहे काय, जुनी तोड्याची खांचणी बुजविली आहे काय, नळीच्या बाजूचें छिद्र दुसऱ्यांदा पाडलें आहे काय, हें पाहिल्यावांचून नोंद करूं नये.

ज्यांच्या दप्तरीं शुक्रनीतीची हस्तलिखित पोथी असेल त्यांस आमची विनंती इतकीच कीं, चौथ्या अध्यायाचें सातवें प्रकरण उघडून नालिकाचा भाग तींत आहे कीं नाहीं तें पाहावें. असल्यास तो मूळ हातचा आहे, कीं समासांत अथवा जोडपानावर आहे, याची नोंद करावी. पुष्पिकेंतील शक-संवत् जसाच्या तसा उतरून घ्यावा, आणि कागद विलायती असल्यास पान उजेडासमोर धरून त्यांतील पाणचिन्ह व सालाचे आंकडे टिपावे. ज्या पोथींत हा भाग मुळींच नाहीं तिची नोंद तर अगत्यानें प्रसिद्ध करावी.