विश्लेषण : बेरीज जुळली, तरी उचल चुकली! मूळ डेटा न बदलता ‘अ‍ॅरे’ कसा हाताळायचा?

दिवाळीच्या सुमारास धारूर तालुक्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल त्यांना हंगामभर ऊस तोडून फेडायची असते. हा हिशेब मोबाइल अ‍ॅपमध्ये ठेवला आणि त्यात रकमांचा क्रम हलला, तर एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर चढेल. नव्या प्रोग्रामरकडून सहज होणारी ही चूक नेमकी काय आहे?

चूक कुठे होते?

‘अ‍ॅरे’ म्हणजे क्रमाने ठेवलेल्या नोंदींची यादी. समजा, टोळीत तीन कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या तीन जोड्या आहेत. एका अ‍ॅरेत त्यांची नावे आहेत, तर दुसऱ्यात त्याच क्रमाने उचल : ९०,०००, १,२०,००० आणि ६०,००० रुपये. सर्वात कमी उचल पाहण्यासाठी जावास्क्रिप्टमधील ‘सॉर्ट’ने रकमा चढत्या क्रमाने लावल्या. ‘सॉर्ट’ मूळ यादीच बदलते. नावे जागेवर राहतात, रकमा सरकतात. ६०,००० घेतलेल्या तिसऱ्या कोयत्यासमोर १,२०,००० दिसू लागतात. एकूण बेरीज मात्र २,७०,०००च राहते, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. ‘रिव्हर्स’, ‘स्प्लाइस’, ‘पुश’ आणि ‘पॉप’ हेही मूळ यादीतच बदल करतात.

दुसरे नाव दिले की प्रत होते का?

नाही. ‘नवी यादी = जुनी यादी’ असे लिहिले, तर एकाच यादीला दोन नावे मिळतात. ‘कॉन्स्ट’ लिहूनही यादीतील नोंदी गोठत नाहीत.

उपाय काय?

ईसीएमएस्क्रिप्ट २०२३ या मानकात ‘टू-सॉर्टेड’, ‘टू-रिव्हर्स्ड’, ‘टू-स्प्लाइस्ड’ आणि ‘विथ’ या पद्धती आल्या. त्या बदललेली नवी यादी देतात, मूळ यादी तशीच राहते. ‘मॅप’, ‘फिल्टर’ आणि ‘स्लाइस’ आधीपासूनच नवी यादी देतात. पायथनमध्ये हाच फरक ‘सॉर्ट’ आणि ‘सॉर्टेड’ यांत आहे. संख्या लावताना तुलनेचा नियम द्यायला विसरू नये. नाहीतर जावास्क्रिप्ट आकडे अक्षरांसारखे लावते आणि १,२०,००० हे ६०,०००च्या आधी येते.

तलाठ्याच्या दप्तरातला धडा

महसूल खात्यात हे तत्त्व जुनेच आहे. जमीन नावावर झाली की आधी गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. ती प्रमाणित झाल्यावर सातबारावर नवे नाव येते. हस्तलिखित सातबारावर जुने नाव खोडून टाकत नसत, त्याला कंस करून फेरफार क्रमांक लिहीत. त्यामुळे वाद झाला, तर मागची साखळी तपासता येते.

काळजी कोणती घ्यावी?

या पद्धतींनी होणारी प्रत वरवरची असते. यादीत नाव आणि उचल अशी जोडनोंद असेल, तर नव्या यादीतून ती नोंद बदलल्यावर मूळ यादीतही बदल दिसतो. अशा वेळी ‘स्ट्रक्चर्ड-क्लोन’ने पूर्ण प्रत करावी. मोठ्या यादीची वारंवार प्रत केल्यास मेमरी जास्त लागते, हेही लक्षात ठेवावे.

तरीही नाव आणि रक्कम एकाच नोंदीत ठेवणे केव्हाही चांगले. मग यादी कशीही लावली, तरी ज्याची उचल त्याच्याच नावावर राहते.