तेलाचा किलो आणि तेलाचा लिटर

घरचे शेंगदाणे घाण्यावर नेऊन वर्षाचे तेल काढून घेण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक गावांत आजही आढळते. अलीकडे महिलांचे बचत गटही घाण्याचे तेल बाटल्यांत भरून विकू लागले आहेत. या व्यवहारात एक चूक वारंवार घडते. तेल तोलले जाते किलोने, भरले जाते लिटरने, आणि दोन्ही एकच समजून पैशांचा हिशेब होतो.

या समजुतीचे मूळ पाण्यात आहे. एक लिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक किलो भरते. शिवाय पूर्वी ‘शेर’ हा शब्द वजनालाही होता आणि मापालाही. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजने येऊ लागली व शेर मागे पडला. तोल आणि माप एकच मानण्याची सवय मात्र गेली नाही. तेल पाण्याहून हलके असते. एक लिटर शेंगदाणा तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. करडई, सूर्यफूल, तीळ व सोयाबीन यांची तेले ९१० ते ९२० ग्रॅमच्या दरम्यान असतात. सर्वसाधारण हिशेबास ९१० हा आकडा पुरेसा होय.

लिटरचे किलो करावयाचे असल्यास ०.९१ ने गुणावे. किलोचे लिटर करावयाचे असल्यास ०.९१ ने भागावे. यावरून १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर तेल असते.

समजा, गटाने शेंगदाणा तेलाचा भाव किलोस ३०० रुपये ठरविला. मग लिटरचा भाव २७३ रुपये येतो. लिटरची बाटली ३०० रुपयांस दिली, तर गिऱ्हाईक २७ रुपयांनी नाडले जाते, आणि ही गोष्ट उघडकीस आल्यावर पुन्हा त्या दारी येत नाही. उलट १५ किलोचा डबा १५ लिटरचा समजून २७३ च्या भावाने दिला, तर गटाचे ४०५ रुपये बुडतात.

शेतकऱ्याची फसगत बहुधा उताऱ्यात होते. एक क्विंटल दाण्यांतून ४० लिटर तेल निघाले, तर उतारा ४० टक्के आहे असे तो समजतो. वस्तुतः ते तेल ३६ किलो ४०० ग्रॅमच भरते. दोन घाण्यांची तुलना करताना एकाचा उतारा लिटरमध्ये व दुसऱ्याचा किलोमध्ये धरल्यास चांगला घाणाही वाईट ठरतो.

आणखी एक बाब उष्णतेची. तेल तापले की फुगते, वजन मात्र तेवढेच राहते. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅमच भरतो. काही उत्पादक वेष्टनावर तापमानाचा उल्लेख करून परिमाण लिहीत असत. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये, असा उल्लेख न करता निव्वळ परिमाण लिहावे आणि माप व वजन यांचा मेळ बसावा, अशी सूचना दिली. घाण्यावरचे ताजे तेलही कोमट व फेसाळ असते. म्हणून ते निवू द्यावे, गाळ खाली बसू द्यावा आणि मगच बाटल्या भराव्यात. वेष्टनावर लिटर छापल्यास त्याबरोबर वजनही छापावे लागते, हे गटांनी ध्यानात ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत हा प्रयोग सर्वांसमक्ष करून दाखवावा. पडताळणीचा शिक्का असलेल्या काट्यावर रिकामे भांडे तोलावे, शिक्क्याच्याच लिटर मापाने त्यात एकदा पाणी व, भांडे कोरडे करून, एकदा तेल ओतावे आणि दोन्ही वजने फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.