एकच आज्ञा चाळीस वेळा कशाला?

दहावीनंतर आपली काही मुले पॉलिटेक्निकला जातात, काही आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा ट्रेड घेतात. तेथे ऑटोकॅडशी गाठ पडतेच. रेघ, वर्तुळ, माप हे सगळे ती लवकर शिकतात. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी शेजारचा जुना ड्राफ्ट्समन अर्ध्या वेळात नकाशा संपवतो, तेव्हा गोंधळ उडतो. त्याचा हात काही फार वेगाने चालत नसतो. एकदा सांगितलेली गोष्ट तो संगणकाला पुन्हा सांगत नाही, एवढेच. हे कसे साधते, ते विद्यार्थी मित्रांसाठी आणि पालकांसाठीही येथे सांगत आहोत.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात प्लॉटचा भाव चौरस फुटावर बोलतात, आपल्याकडे गजावर. गज म्हणजे चौरस वार, नऊ चौरस फुटांचा. तीस बाय पंचेचाळीसचा प्लॉट 1350 चौरस फुटांचा, म्हणजे 150 गज. आता चाळीस प्लॉटांचा लेआउट समोर आहे आणि प्रत्येक प्लॉटमध्ये त्याचे गज लिहायचे आहेत. नवा मुलगा काय करतो? क्षेत्रफळाची आज्ञा देतो, प्लॉटची हद्द निवडतो, आकडा वाचतो, कॅल्क्युलेटरवर नऊने भागतो, मग अक्षरांची आज्ञा, जागा, उंची, कोन, आकडा, एंटर. एका प्लॉटला दहा पायऱ्या धरल्या तर चाळीस प्लॉटांना चारशे. तिसाव्या प्लॉटपाशी मान दुखू लागते आणि 156 चे 165 होतात. त्या आकड्यावर कुणाचे तरी कुटुंब आयुष्यभराची पुंजी मोजणार असते.

पहिला उपाय अगदी साधा आहे. ऑटोकॅडमध्ये आज्ञा संपल्यावर नुसता स्पेसबार दाबला की तीच आज्ञा पुन्हा सुरू होते. वर्षभर शिकूनही पुष्कळांना हे ठाऊक नसते! तसेच आज्ञेचे पूर्ण नाव लिहावे लागत नाही. लाइनसाठी एल, सर्कलसाठी सी, ट्रिमसाठी टीआर पुरते. ही लघुनावे एका साध्या फाइलीत असतात आणि ती आपल्या सोयीने बदलता येतात. डावा हात कळफलकावर, उजवा माउसवर ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

दुसरा उपाय ब्लॉक. पूर्वी फळ्यावर नकाशे काढणारे लोक दारे, संडासाची भांडी, अक्षरे यांच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या वापरत. ब्लॉक ही तीच जाळी, पण अधिक हुशार. खिडकी एकदा काढून ब्लॉक केली आणि सोळा ठिकाणी बसवली, तर पुढे मूळ खिडकी बदलताच सोळाही बदलतात. ही कल्पना ऑटोकॅडहून जुनी आहे. अमेरिकेत इव्हान सदरलंड यांनी 1963 साली स्केचपॅड या कार्यक्रमात ती दाखवली होती. ऑटोकॅड आले 1982 साली.

पण आपल्या चाळीस प्लॉटांना ब्लॉक पुरत नाही, कारण प्रत्येक आकडा वेगळा. येथे ऑटोलिस्प कामाला येते. ही छोटी भाषा ऑटोकॅडमध्ये 1986 पासून आहे. स्वस्तातल्या ऑटोकॅड एलटीला मात्र ती 2024 च्या आवृत्तीत मिळाली. आठ-दहा ओळींत आपण सांगतो: निवडलेल्या हद्दीचे क्षेत्रफळ घे, भाग, मी दाखवीन तेथे लिही. मग प्रत्येक प्लॉटला दोन क्लिक.

मात्र सावध राहावे. नकाशा इंचांत काढला असेल तर संगणक क्षेत्रफळ चौरस इंचांत देतो. तेव्हा नऊने नव्हे, 1296 ने भागावे लागते, कारण गज म्हणजे 36 गुणिले 36 इंच. नऊने भागले तर 150 ऐवजी 21600 गज येतील. ही चूक निदान डोळ्यांत भरते. हद्दीची रेघ रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली असेल, तर आकडा थोडासाच फुगतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. हाताने एक प्लॉट चुकतो, कार्यक्रमाने चाळीसही एकसारखे चुकतात. म्हणून दोन-तीन प्लॉट कागदावर मोजून ताडावेत, त्यातला एक तिरका असावा.

खर्चाचा प्रश्न विश्वस्त मंडळींना पडेल. शिकणाऱ्यांना ऑटोडेस्क कंपनी पात्रता तपासून ऑटोकॅड विनामूल्य देते. लिब्रेकॅड तर सर्वांनाच फुकट आहे. त्यात ऑटोलिस्प चालत नाही, पण लघुनावे आणि ब्लॉक आहेत. जुन्या संगणकावरही ते चालते आणि आठवी-नववीच्या मुलांना वर्गखोलीचा नकाशा काढायला तेवढे भरपूर झाले.