विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि संगणकाचे दोन पहारे

वसतिगृहातील एक नियम आमच्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. घरी जायचे तर पालकांची चिठ्ठी हवी आणि अधीक्षकांची सहीही हवी. एक असल्याने दुसरीची उणीव भरून निघत नसे. संगणकातील फाइलींचे रक्षणही याच तत्त्वावर चालते.

शाळेच्या दप्तरी जातीचे दाखले, आरोग्याच्या नोंदी, घरचे पत्ते असतात. पूर्वी ते कपाटात असत, आता संगणकात आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीला विशेष संरक्षण दिले आहे. म्हणून या कुलपाची रचना आपण समजून घेतली पाहिजे.

लिनक्स प्रणालीत प्रत्येक फाइलीसाठी मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग असतात. वाचणे, लिहिणे व चालविणे हे तीन अधिकार. '६४०' म्हणजे मालकाने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे, इतरांना मज्जाव. परंतु हे अधिकार मालकाच्या मर्जीवर असतात आणि 'रूट' या सर्वाधिकारी खात्याला ते अडवीत नाहीत.

यासाठी दुसरा पहारा असतो, तो सुरक्षा मॉड्यूलचा. पावणे येथील औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या पालकांना हे नवे नाही. विभागप्रमुखाजवळ गोदामाची किल्ली असली, तरी माल बाहेर नेताना फाटकावर गेटपास दाखवावाच लागतो. २००० साली खुले झालेले 'एसई-लिनक्स' असेच फाटक आहे. कोणता प्रोग्राम कोणत्या प्रकारच्या फाइलीला हात लावू शकतो, हे ते ठरवते आणि रूटलाही सोडत नाही. अँड्रॉइड ५ पासून प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये ते पूर्णपणे लागू आहे.

दोन्ही पहाऱ्यांची आखणी एकत्र करावी. गुणपत्रिका छापणाऱ्या प्रोग्रामला गुणांपुरताच प्रवेश द्यावा. आरोग्याच्या नोंदींना गटही वेगळा आणि मॉड्यूलमधील खूणही वेगळी असावी. काम अडले की '७७७' करून फाइल सर्वांना मोकळी करणे किंवा मॉड्यूलच बंद करणे हा मोह आम्हालाही झाला आहे. त्याऐवजी नोंदवही तपासावी. मॉड्यूलने नकार दिला असेल, तर तो सहसा तेथे लिहिलेला सापडतो. नसेल, तर दोष फाइलीच्या परवानगीत शोधावा.

पालकांनी विश्वासाने सोपविलेली माहिती कोणा एकाच्या विसरभोळेपणामुळे उघडी पडू नये, एवढ्यासाठीच हे दोन पहारे आहेत.