विश्लेषण : बहुमत असूनही विधेयक अडते कसे? अमेरिकी सेनेटमधील ‘फिलिबस्टर’ काय आहे?

गेल्या वर्षी १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस अमेरिकेचे केंद्र सरकार अंशत: ठप्प होते. २०२५ मधील या कोंडीच्या वेळी अध्यक्ष रिपब्लिकन होते, प्रतिनिधिगृहात बहुमत रिपब्लिकनांचे होते आणि १०० सदस्यांच्या सेनेटमध्येही त्यांचे ५३ सदस्य होते. तरीही खर्चाला तात्पुरती मंजुरी देणारे विधेयक सेनेटमध्ये पुन्हा पुन्हा अडत राहिले. ५३ पुरेसे नव्हते. ६० हवे होते. हा ६०चा आकडा आला कुठून?

फिलिबस्टर म्हणजे काय?

सेनेटमध्येही विधेयक साध्या बहुमतानेच मंजूर होते. अडचण आहे ती त्याच्या आधीच्या पायरीवर. मतदान घ्यायचे तर चर्चा संपायला हवी, आणि ती संपली असे जाहीर करण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याला नाही. चर्चा थांबवण्यासाठी ‘क्लोचर’ नावाचा ठराव मांडावा लागतो आणि त्याला ६० मते लागतात. म्हणजेच ४१ सदस्य अडून बसले तर विधेयक अंतिम मतदानापर्यंत पोहोचतच नाही. या अडवणुकीला फिलिबस्टर म्हणतात. शब्दाचे मूळ समुद्री लुटारूंसाठीच्या डच शब्दात आहे; तो स्पॅनिशमार्गे अमेरिकी राजकारणात शिरला. सभागृह ओलीस धरणाऱ्यांना तो शोभतोही.

राज्यघटनेत तशी तरतूद आहे?

नाही. महाभियोगात दोषी ठरवणे, आंतरराष्ट्रीय करारांना संमती अशा मोजक्या बाबींसाठी घटनाकारांनी दोनतृतीयांश मतांची अट स्पष्ट लिहिली. साध्या विधेयकांसाठी लिहिली नाही. १८०६ मध्ये सेनेटने आपली नियमावली आटोपशीर करताना चर्चा आवरती घेण्यास उपयोगी पडू शकला असता असा एक नियम गाळला. तो फारसा वापरला जात नाही, एवढेच कारण. पुढे त्या रिकाम्या जागेचा फायदा घेतला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर व्यापारी जहाजांना शस्त्रसज्ज करण्याचे विधेयक असेच अडवले गेल्यानंतर, १९१७ मध्ये दोनतृतीयांश मतांनी चर्चा थांबवण्याची सोय झाली. १९७५ मध्ये ही अट तीनपंचमांश, म्हणजे ६० मतांवर आली.

नागरी हक्कांशी त्याचा संबंध काय?

फिलिबस्टरची बदनामी मुख्यत: इथलीच. वंशभेदाच्या कायद्यांना हात लागू नये म्हणून दक्षिणेतील सेनेटरांनी हे हत्यार अनेक दशके वापरले. १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थरमंड नागरी हक्क विधेयकाविरुद्ध सलग २४ तास १८ मिनिटे बोलले. ते विधेयक तरीही संमत झाले. १९६४च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध मात्र कामकाजाचे ६० दिवस अडवणूक चालली. १० जून रोजी क्लोचरवर मतदान झाले. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूतील गाठीमुळे बोलता येत नव्हते. त्यांना चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणले गेले. नाव पुकारल्यावर त्यांनी स्वत:च्या डोळ्याकडे बोट दाखवले. इंग्रजीत होकाराचा ‘आय’ आणि डोळ्यासाठीचा ‘आय’ यांचा उच्चार एकच. ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी मंजूर झाला. नागरी हक्क विधेयकावरील फिलिबस्टर मोडून काढण्यात सेनेटला मिळालेले ते पहिले यश.

आता सेनेटर तासन् तास बोलतात का?

क्वचितच, आणि खरी मेख हीच आहे. १९७० च्या दशकात सेनेटने एकाच वेळी दोन रुळांवर काम चालवण्याची पद्धत सुरू केली. अडलेले विधेयक बाजूला ठेवायचे आणि दुसरे काम पुढे न्यायचे. त्यामुळे अडवणाऱ्याला उभे राहण्याचे, घसा सुकवण्याचे, लोकांना तोंड देण्याचे कष्टच उरले नाहीत. कोरी बुकर २०२५ मध्ये २५ तासांहून अधिक बोलले, थरमंड यांचा विक्रम मोडला. पण त्यांच्या भाषणाने कोणतेही विधेयक अडवले नव्हते. जे खरोखर अडते, ते आवाज न होता अडते. लहान वयात बेकायदा अमेरिकेत आलेल्यांना दिलासा देणाऱ्या ‘ड्रीम अ‍ॅक्ट’च्या बाजूने डिसेंबर २०१० मध्ये ५५, विरोधात ४१ मते पडली. विधेयक तिथेच संपले. सँडी हूक शाळेतील २० मुलांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये बंदूक खरेदीदारांची पडताळणी वाढवणाऱ्या दुरुस्तीला ५४ मते मिळाली. तीही बारगळली.

पळवाटा कोणत्या?

डेमोक्रॅट्सनी २०१३ मध्ये बहुतेक नियुक्त्यांसाठी, तर रिपब्लिकनांनी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठीही ६०ची अट काढून टाकली. दुसरी वाट ‘रिकन्सिलिएशन’ची : कर आणि खर्चाशी निगडित विधेयक साध्या बहुमताने संमत करता येते. आपल्याकडील धन विधेयकाची आठवण व्हावी अशी ही सोय. त्यात काय बसते यावर सेनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकाऱ्याचा सल्ला निर्णायक ठरतो. २०२१ मध्ये किमान वेतन १५ डॉलर करण्याची आणि लाखो स्थलांतरितांना नागरिकत्वाचा मार्ग खुला करण्याची तरतूद त्याच सल्ल्याने बाहेर राहिली. ग्रीन कार्डच्या रांगेतील भारतीयांसाठी, त्यात मराठी कुटुंबेही आली, याचा अर्थ असा की देशनिहाय मर्यादा बदलणारे स्वतंत्र विधेयक साधारणत: ६० मतांचा अडसर ओलांडल्याशिवाय पुढे सरकत नाही.

मग नियमच रद्द का होत नाही?

जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्कांच्या विधेयकासाठी अपवाद करण्याचा डेमोक्रॅट्सचा प्रयत्न त्यांच्याच जो मंचिन आणि किर्स्टन सिनेमा यांनी हाणून पाडला. २०२५च्या कोंडीत ट्रम्प यांनी फिलिबस्टर संपवण्याची जाहीर मागणी केली; त्यांच्याच पक्षाचे सेनेटमधील नेते जॉन थून यांनी नकार दिला. उद्या आपण अल्पमतात गेलो तर, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच. अखेर विरोधी गोटातील आठ सदस्य फुटले, एक रिपब्लिकन विरोधात गेला आणि क्लोचरच्या बाजूची बेरीज नेमकी ६० झाली.