दार निवडा जागा पाहून

पावसाळ्यात बाथरूमचे दार फुगते, चौकटीत अडकते आणि खालची कड कुजू लागते, हा अनेक घरांतला अनुभव. सागवान परवडत नाही, म्हणून मग प्लॅस्टिक किंवा फायबरच्या दाराचा विचार सुरू होतो. सरकारनेही ही वाट पूर्वीच धरली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगले वाचवण्यासाठी १९९३ मध्ये आपल्या बांधकामांतील लाकडाच्या वापरावर निर्बंध आणले, तर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीला लगाम घातला.

दुकानात मात्र प्रत्येक दार 'वॉटरप्रूफ' म्हणूनच दाखवले जाते. खरा फरक इतर गुणांत असतो.

पीव्हीसी : पोकळ पट्ट्या जोडून केलेले हे दार हलके व स्वस्त असते. त्याला पाणी किंवा वाळवी लागत नाही. पण बिजागरी आणि कडीच्या जागी आत लोखंडी पट्टी नसेल, तर स्क्रू लवकर सैल होतात. सतत उन्हात ते वाकते. बाथरूमसाठी ठीक, मुख्य दारासाठी नाही.

एफआरपी : काचतंतू आणि रेझिन यांच्या कवचामुळे हे दार मजबूत असते. मात्र त्याची कड तासू नये. कवच फुटले, की पाणी आतल्या भरावात शिरते. कडीसाठी पाडलेली भोकेही सीलंटने बुजवून घ्यावीत.

डब्ल्यूपीसी : लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचे हे मिश्रण. सुतार ते लाकडासारखेच कापतो, त्यात स्क्रू बसवतो. याच्या चौकटीही मिळतात. नमुना हातात घेऊन पाहा. फार हलक्या, फुसक्या फळीत स्क्रू टिकत नाही. उन्हाने ती प्रसरण पावते, म्हणून बसवताना थोडी फट ठेवायला सांगा.

एक गोष्ट विसरू नका. पीव्हीसी सहज पेट घेत नाही, पण जळू लागले, की त्यातून घातक धूर निघतो. गॅसच्या शेगडीजवळ असे पॅनेल किंवा कपाट नकोच.

आणि घरातली जुनी सागवानी चौकट शाबूत असेल, तर नव्याच्या हौसेपायी ती उखडू नका. फक्त दार बदला. खर्च वाचेल आणि भिंतीची तोडफोडही टळेल.